पंच्याहत्तर सेंटिमीटरची बैठक

‘‘पंच्याहत्तरच्या वर गेली नाही पाहिजे मामा. गादी धरून.’’

परभणीत जिंतूर रस्त्याच्या बाजूला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात चाकाच्या खुर्चीवर बसलेला विशीतला मुलगा हे तिसऱ्यांदा बजावत होता. भोवती खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्याचं फाटक आणि शेडचे अँगल पडलेले. मामा उकिडवे बसून खडूने फरशीवर चौकट आखत होते. ते म्हणाले, ‘‘लोक उंच खुर्ची मागतात, तू बुटकी मागायलास.’’ पोरगा हसला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि त्यात या खुर्चीचा नियम. नाव छापू नका म्हणाला. आधी काहीतरी फेकून दाखवू द्या, मग छापा.

गाव पूर्णा तालुक्यातलं. शाळेत असताना विहिरीच्या कठड्यावरून पडला, मणक्याला मार लागला आणि कमरेखालचं सगळं गेलं. आता तो गोळा फेकतो. बसून. पॅरा अ‍ॅथलेटिक्समध्ये ही बैठ्या फेकीची वेगळी दुनिया आहे. मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा कमी असलेल्यांचे गट एफ-३१ ते एफ-३४. मणक्याची इजा, पोलिओ किंवा पाय गेलेल्यांचे एफ-५१ ते एफ-५७. आकडा जितका वर, तितकं शरीर जास्त साथ देतं. हा मुलगा स्वतःला एफ-५५ मध्ये धरतो: हात भक्कम, धड थोडंफार, पाय नाहीत. पुरुषांच्या या गटात गोळा ४ किलोचा.

फेक मोजायची तर सगळ्यांची बैठक सारखी हवी, म्हणून नियम बारकाईचे आहेत. बैठकीची उंची गादीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बैठक वर्तुळाच्या आत मावली पाहिजे. फेकताना बूड बैठकीवरून उचललं की ती फेक बाद. पट्टे ताणले जाणारे नकोत. समोर धरायला एक उभा दांडा चालतो; त्याला बाक नको आणि जोर दिल्यावर तो लवताही कामा नये. पंच स्पर्धेआधी टेप लावून पाहतात.

मी गेलो होतो ते वेल्डिंग बघायला. बसून राहिलो ते या ‘गादीसकट’ शब्दासाठी. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला आपण टणक जागेवर किती वेळ बसलोय ते कळत नाही. कातडी दबते, रक्त थांबतं, जखम होते आणि ती भरायला महिने लागतात. म्हणून गादी जाड हवी. पण गादी दोन बोटं जाड केली की लोखंड दोन बोटं खाली घ्यावं लागतं. शिवाय मऊ गादीत शरीर रुततं आणि हाताचा जोर गोळ्यात जायच्या ऐवजी फोममध्ये जिरतो. पातळ गादी घेतली तर फेक लांब जाते, पण जखमेची भीती. जागतिक स्पर्धेतल्या खेळाडूलाही हा हिशेब सुटलेला नाही. पूर्णा तालुक्यातल्या या पोराने तो मोटारसायकलच्या सीटचं फोम कापून, दाबून, पुन्हा मोजून आपल्यापुरता सोडवला. मामांनी फोमवर लाकडी फळी ठेवली, फळीवर त्यालाच बसवलं आणि मग टेप लावली. माणूस बसल्यावर गादी दबते, हे त्यांनी न सांगता ओळखलं. पोराने मात्र मान हलवली. ‘‘पंच रिकामी मोजले तर?’’ शेवटी न दबलेली गादी धरूनच माप काढलं.

दांड्यावरून खरा वाद झाला. गोळा उजव्या हातात, तर डाव्या हाताने दांडा घट्ट धरून स्वतःला पुढे ओढायचं. ज्याचे पाय काम करत नाहीत त्याला जोर मिळायची ती एकमेव जागा. उभा खेळाडू टाचेपासून कमरेला पीळ देत गोळ्यापर्यंत जोर आणतो. याचं सगळं यंत्र खांद्यापासून दांड्यापर्यंत. दांडा हलला तर नियमही मोडतो आणि फेकही मरते. मामांचं म्हणणं, वेल्डिंग करून टाकू, जन्मात हलणार नाही. पोराचं म्हणणं, वेल्डिंग केलं तर रेल्वेत कसं न्यायचं? नट-बोल्टने सुटा होईल असा करा. नट-बोल्ट म्हणजे थोडी का होईना ढिलाई. मामांनी तोडगा काढला. खाली आखूड जाड पाइप वेल्ड केला, त्यात दांडा ठोकून बसेल असा घेतला, आडवा बोल्ट टाकला आणि वर पाचर. धरून हलवून पाहिलं. ‘‘हालायलंय का बघ.’’ नाही हललं.

पट्टे ट्रकवर माल आवळायचे घेतले, रॅचेटवाले. मांडीला एक, पोटरीला एक, कमरेला एक. तीन पट्टे आणि समोरचा दांडा, एवढ्यावर याचा सगळा खेळ.

खुर्ची झाली, आता ती जमिनीला बांधायची. मोठ्या स्पर्धेत त्यासाठी मैदानातच पक्की सोय असते: जमिनीत कड्या, साखळ्या, ताण द्यायचे स्क्रू. एफ-५५ च्या खेळाडूला आपली बैठक मांडून आवळून घ्यायला दोन मिनिटं मिळतात, आणि त्याच्या सगळ्या फेकी लागोपाठ होतात. सरावात मात्र त्याच्यापाशी आहे ती परभणीची काळी माती. आपण या मातीचं कौतुक करतो, कापूस आणि सोयाबीन तिच्यावर घेतो. पण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. बैल बांधायची मेख तिच्यात पक्की बसते, कारण बैल सारखा हिसके देत नाही. गोळाफेकीत प्रत्येक फेकीला मेखेला हिसका बसतो. पावसाळ्यात ती चिखलातून सरळ वर येते, एप्रिल-मे महिन्यात भेगेत डुगडुगते. चार मेखांपैकी मागची एक सैल झाली की फेकताना बैठक पुढे डोकावते आणि दंड, मान, खांदा सगळ्यांना धसका बसतो. दर काही फेकींनंतर त्याचा चुलत भाऊ घण घेऊन मेखा ठोकतो. सरावाचा अर्धा वेळ गोळ्यावर जातो, अर्धा मेखांवर.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण. मणक्याच्या इजेच्या खाली घाम नीट येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. आणि तापलेल्या लोखंडाला मांडी टेकली तरी त्याला चटका कळत नाही. म्हणून तो सूर्य उगवायच्या आधी येतो, चौकटीला गोणपाट गुंडाळतो आणि नऊच्या आत आटोपतो.

बैठ्या फेकीचा इतका पाल्हाळ लावायला कारण आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या होनवडजची भाग्यश्री जाधव याच खेळात जगापर्यंत गेली. गट एफ-३४, गोळा ३ किलोचा. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये ७ मीटर, सातवी. हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ७.५४ मीटर, रौप्य. २०२४ च्या मे महिन्यात जपानमधल्या कोबे इथे जागतिक स्पर्धेत ७.५६, पुन्हा रौप्य. त्याच वर्षी २८ ऑगस्टला पॅरिस पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात भालाफेकपटू सुमित अंतिलबरोबर तिरंगा तिच्या हातात होता. स्पर्धेत ती ७.२८ मीटरवर पाचवी आली. वर्तमानपत्रांनी तिच्या घरच्या दुःखाची गोष्ट खूप सांगितली. मला तिचे मीटर जास्त बोलके वाटतात. तीन वर्षांत साडेसात मीटरच्या पुढे मजल, आणि गटातली चीनची झोऊ लिज्वान नऊ मीटरच्या पलीकडे. दीड मीटरचं ते अंतर नुसत्या जिद्दीने भरून निघत नाही. त्याला पक्कं मैदान, नीट बैठक, फिजिओ आणि निर्धास्त महिने लागतात.

पक्कं मैदान मिळालं की काय होतं, तेही पाहायला मिळालं. पुण्यात खडकीला लष्कराचं पॅरालिम्पिक केंद्र आहे. सुरुंगाच्या स्फोटात पाय गमावलेले नागालँडचे होकाटो सेमा तिथे घडले आणि पॅरिसमध्ये एफ-५७ गटात १४.६५ मीटर गोळा फेकून त्यांनी कांस्य आणलं. सेमांच्या मागे लष्कर होतं. लष्कराची ही परंपरा जुनी आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचारात पोहणं आलं आणि १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्ण. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्णपदक. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण मिरवतो, पण जर्मनीने पेटकरांना पाण्यात उतरायला जागा दिली होती. परभणीने बैठ्या खेळाडूला अजून एकही कडी दिलेली नाही.

पैशाचं गणित विचारलं तर पोरगा बोटं मोजत नाही, थेट अडचणीवर येतो. खुर्ची स्वस्त पडते. शर्यतीची तीन चाकांची खुर्ची लाखांत जाते आणि बाहेरून मागवावी लागते. फेकीची बैठक गावचा वेल्डर करतो. म्हणूनच गरीब घरातली पोरं फेकीकडे वळतात, आणि यात कमीपणा काहीच नाही. महाग पडतो तो प्रवास. रेल्वेत त्याला आणि सोबत्याला तिकिटात सवलत मिळते, पण सोबत्याची मजुरी बुडते ती कोण देणार? दिव्यांगांचा डबा बहुतेक गाडीच्या टोकाला असतो. गाडी फलाटावर उभी असेपर्यंत तिथे पोचायचं, खुर्ची चढवायची, सुटी बैठक चढवायची. स्वच्छतागृहाचं दार त्याच्या खुर्चीपेक्षा अरुंद. मग तो आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितो आणि लघवीचा संसर्ग घेऊन स्पर्धेला उतरतो. मुक्कामाला तळमजल्याची, कमोड असलेली खोली लागते आणि ती स्वस्त लॉजमध्ये नसते. ‘‘गोळा फेकायला चार सेकंद लागतात काका,’’ तो म्हणाला, ‘‘तिथपर्यंत जायलाच सगळं खर्ची पडतं.’’

सोयाबीन विकल्यावर वडील काही देतात, आई बचत गटातून उचलते. सरकारकडे पैसा नाही असं नाही. पॅरिसनंतर केंद्राने सुवर्णाला ७५ लाख, रौप्याला ५० लाख, कांस्याला ३० लाख दिले. केंद्राच्या ‘टॉप्स’ योजनेत मुख्य गटात निवड झालेल्याला महिन्याला ५० हजार मिळतात. उत्तम आहे. भारताने पॅरिसहून २९ पदकं आणली त्यामागे हा पैसा आहेच. पण हा सगळा पैसा जिना चढून आलेल्याला मिळतो, आणि या पोरापुढे अजून जिनाच आहे. राज्य संघात यायचं, राष्ट्रीय स्पर्धेत मीटर दाखवायचे, मग आपल्या गटाचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण करून घ्यायचं. तोवर सगळं पदरचं.

आणि पदरचं नसलं तर काय, याचं उत्तर गावातच पडून आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करावी असा राज्याचा दंडक आहे. जिल्हा परिषद आणि महापालिकेलाही तो लागू आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ३० वं कलम तर फक्त खेळांसाठी आहे आणि सोयींची जबाबदारी ते सरकारवर टाकतं. मी पाहिलेल्या गावांत ही ५ टक्के रक्कम डोकी मोजून वाटली जाते आणि प्रत्येकाच्या हातात किराण्यापुरतं काहीतरी पडतं. ते वाटप बंद करा असं मी म्हणणार नाही. ज्यांना मिळतं त्यांना त्याचीही गरज आहे. पण महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या वाट्यातून थोडं बाजूला काढणं अवघड नाही.

मागणी फार छोटी आहे. परभणीच्या जिल्हा मैदानात आणि नऊही तालुक्यांच्या ठिकाणी एकेक सिमेंटचा ओटा घाला. वर्तुळाएवढा, जमिनीला समतल, चारी बाजूंना पुरलेल्या लोखंडी कड्या. शेजारी खुर्ची आत जाईल एवढ्या दाराचं स्वच्छतागृह आणि तिथवर पायरी नसलेली वाट. एक बैठक तिथेच ठेवा, म्हणजे नवीन येणाऱ्याला आधी वेल्डर शोधावा लागणार नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी, मुख्याधिकारी, सरपंच यांच्यापैकी कुणी हा लेख वाचत असेल तर या वर्षीच्या अंदाजपत्रकात एवढी एक ओळ घाला. माप मामांकडे तयार आहे.