गाळणकागद संपला तेव्हा

आषाढातला बेळगावचा पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस उसंत देत नाही. गेल्या वर्षी अशाच एका झडीत, सकाळी साडेसहाला, कॉफीच्या गाळणकागदांचे पुडके रिकामे असल्याचे माझ्या ध्यानात आले. मुलगा बेंगळुरूहून पुढच्या महिन्यात येणार, आणि तोपर्यंत गावात शोधत हिंडायचे तर बाहेर मुसळधार! वाचक भगिनींना वाटेल, एवढ्याशा कागदासाठी इतका जीव टांगणीला का लागावा? तेच सांगावयाचे आहे.

आमच्या घरी चहापेक्षा कॉफीला मान. सासूबाईंच्या वेळचा पितळी फिल्टर अद्याप मांडणीवर आहे आणि 'ह्यां'ची त्यातली तीन वेळची कॉफी चाळीस वर्षे चुकलेली नव्हती. मात्र त्या वर्षीच्या रक्ततपासणीत कोलेस्टेरॉलचा आकडा बराच वर गेलेला आढळला. डॉक्टरांनी औषध दिले, फिरणे वाढवावयास सांगितले आणि जाता जाता म्हणाले, "कॉफी सोडू नका, पण ती कागदातून गाळून घ्या."

हे ऐकून आम्ही दोघेही चकित झालो. मुलाने मग त्यामागचे कारण समजावून दिले. कॉफीच्या बियांत तेलाचा अंश असतो आणि त्या तेलात कॅफेस्टॉल व काहवेऑल नावाची दोन द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. उकळून तशीच ओतलेल्या कॉफीत ती भरपूर उतरतात. धातूच्या जाळीतून तेल सहज निसटते. कागद मात्र ते बहुतांशी अडवून धरतो. नॉर्वेमधील सुमारे पाच लाख स्त्री-पुरुषांची सरासरी वीस वर्षे नोंद ठेवून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातही न गाळलेली कॉफी पिणाऱ्यांपेक्षा गाळलेली पिणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण कमी आढळले.

हा कागद मुळात एका गृहिणीच्या स्वयंपाकघरातच जन्मला, हे कळल्यावर मला त्याच्याविषयी आपुलकी वाटू लागली. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी राहणाऱ्या मेलिटा बेंट्झ या बाईंना कपातला कडवट गाळ सहन होईना. त्यांनी एका पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर घातला आणि वरून गरम पाणी ओतले. १९०८ साली त्यांनी त्याची सरकारदरबारी नोंद करवून घेतली व घरातूनच धंदा सुरू केला. पितळेचे भांडे त्यांच्याकडेही होते आणि आमच्याकडेही. उणा होता तो कागद!

त्या पावसाळी सकाळी 'ह्यां'नी मुकाट्याने पितळी फिल्टर खाली काढला. "आता नशिबात हेच," एवढेच म्हणाले. मला ते काही पटेना. त्या आठवड्यात घरात जे जे होते ते ते मी करून पाहिले.

चहाची गाळणी पहिल्याच झटक्यात बाद झाली. तिची जाळी इतकी मोठी की अर्धी पूड कपात उतरली. ओटा पुसण्याचा मऊ कागद ओला होताच फाटला. शिवाय तो खाण्याच्या पदार्थासाठी केलेला नसतो, तेव्हा पुन्हा त्या वाटेला जाऊ नये. वर्तमानपत्राचा कागद तर शाईमुळे कदापि वापरू नये.

मग जुनी रीत आठवली. पातेल्यात पाणी व पूड एकत्र उकळून खाली उतरावयाची, वर गार पाण्याचा हबका मारावयाचा, चार-पाच मिनिटे गाळ बसू द्यावयाचा आणि वरची निवळ अलगद ओतून घ्यावयाची. पाहुण्यांच्या घाईत ही रीत उत्तम, चवही खमंग. परंतु गाळ बसला तरी तेल वरच राहते, त्यामुळे आमची मूळ अडचण सुटत नव्हती.

अखेर हात गेला कापडाकडे. चक्का बांधणाऱ्या आपल्या घरांत ते आधीच सुचावयास हवे होते! कापडातून कॉफी गाळण्याची चाल कोस्टारिकापासून सिंगापूरपर्यंत रूढ आहे. सिंगापुरातील अशा कॉफीची २०११ साली तपासणी झाली, तेव्हा तिच्यात ही द्रव्ये थोडीच आढळली. अर्थात प्रत्येक कापडाची वीण निराळी. म्हणून कागदाइतकी खात्री कापडाची देता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

माझी कृती अशी. घट्ट विणीचे मांजरपाट किंवा तिपेडी मलमल घ्यावी. चक्क्याचे फडके घेऊ नये, त्याचा आंबूस वास जात नाही. नवे कापड दोनदा उकळून त्यातील खळ काढून टाकावी. त्याची लहानशी कोनाकृती पिशवी शिवावी. दोन कपांसाठी पंधरा ग्रॅम पूड आणि पाव लिटर पाणी पुरते. उकळी येताच आच बंद करून अर्धे मिनिट थांबावे. प्रथम पूड भिजण्यापुरतेच पाणी घालावे, ती फुगली की उरलेले पाणी बारीक धारेने ओतावे. पूड रव्यासारखी असावी. फार बारीक असेल तर कापडाची छिद्रे बुजतात आणि कॉफी थेंबथेंब उतरत बसते.

खरी कसोटी असते ती फडक्याच्या निगेची. त्याला साबण लावू नये, पुढच्या कपाला तोच वास येतो. वापरताच नुसत्या पाण्याने खळखळून धुवावे, आठवड्यातून एकदा उकळावे आणि कडक उन्हात वाळवावे. पावसाळ्यात ऊन नसते. तेव्हा ते स्वच्छ पाण्यात बुडवून शीतकपाटात ठेवावे व पाणी रोज बदलावे. दमट राहिलेल्या फडक्यातील तेल खवट होते. वास येऊ लागला की मोह न धरता ते टाकून द्यावे.

हे सारे जमले, तरी 'ह्यां'चा चेहरा काही खुलेना. त्यांना त्यांचा फिल्टर हवा होता. मग मी पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यातच फडके बसवले, पूड थोडी जाडसर दळून आणली आणि झाकण ठेवले. डिकॉक्शन जरा सावकाश उतरले, किंचित हलके वाटले; पण दूध घालून पितळी वाटी-पेल्यात वरखाली केल्यावर त्यांनी पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "हं, ही आपली कॉफी!"

मुलगा कागद घेऊन आला, तेव्हा आम्ही तडजोड केली. सकाळ-संध्याकाळ कागद, दुपारी फडके. कोलेस्टेरॉलवर औषध चालू असलेल्यांनी कागदाचीच कास धरावी, असे डॉक्टरांचेही मत पडले. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. त्याचे श्रेय फडक्याला देण्याचा मोह मला होतो खरा. पण औषध होते, रोजचे फिरणे होते, तेव्हा तो मोह आवरलेला बरा. एवढे मात्र खरे, की सासूबाईंचा फिल्टर माळ्यावर गेला नाही, आणि दुपारी चार वाजता तो मांडणीवरून खाली काढण्याचे काम आजही 'हे'च करतात.