टिचकी, कळशी आणि घंटा

उन्हाळा लागला की गारखेडा परिसरात घरोघरी नवा माठ येतो. तो घेताना आपण त्यावर टिचकी मारून कान देतो. आवाज खणखणीत आला तर माठ घ्यायचा, बद्द आला तर परत ठेवायचा. जायकवाडीच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या या शहरात तडा गेलेला माठ कोणास परवडणार? ही पारख कशी साधते, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

टिचकी बसताच माठाची भिंत अतिशय सूक्ष्म अशी आत-बाहेर हलू लागते. यालाच कंपन म्हणतात. भिंत बाहेर येते तेव्हा लगतची हवा दाबली जाते, आत जाते तेव्हा विरळ होते. दाब आणि विरळपणा यांची ही साखळी म्हणजेच ध्वनिलहर. ३० अंश सेल्सियस तापमानाच्या हवेत ती सेकंदास सुमारे ३५० मीटर जाते. माठास तडा असेल, तर तड्याच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात. कंपनाची ऊर्जा तेथेच खर्च होते व आवाज लगेच विरतो.

नळाखालच्या कळशीचा प्रकार थोडा निराळा आहे. पाणी चढते तसा वरच्या हवेचा स्तंभ आखूड होतो, त्याचे कंपन जलद होते आणि स्वर चढतो. म्हणूनच कळशी भरत आल्याचे गृहिणीस न पाहताही कळते. मात्र भरलेल्या कळशीवर टिचकी मारल्यास रिकामीपेक्षा खालचा स्वर निघतो, कारण आता धातूस पाण्याचे ओझे घेऊन हलावे लागते. जलतरंगाचे स्वर याच नियमाने जुळवतात.

आपल्या चर्चची घंटा म्हणजे एक प्रकारे पालथे टांगलेले भांडेच. घंटेचे कासे साधारणपणे चार भाग तांबे व एक भाग कथील यांचे असते. त्यात कंपन लवकर जिरत नाही, म्हणून नाद रेंगाळतो. १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी तेथून नेलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे.

घंटा एकाएकी बद्द वाजू लागली, तर तीत तडा असण्याचा संभव असतो. अशा वेळी टोले देणे थांबवून ती जाणकाराकडून तपासून घ्यावी. प्रत्येक टोल्याने तडा वाढत जातो.