एक संघ, दोन तह

शहानूर नदीच्या एका काठाला अंजनगाव, दुसऱ्या काठाला सुर्जी. पानमळे, पानपिंपरी आणि देवनाथांचा मठ ही गावाची आजची ओळख. शाळेच्या पुस्तकात मात्र ते एकाच ओळीपुरतं येतं: ३० डिसेंबर १८०३, दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांचा तह. दिल्ली गेली, दुआब गेला, हे आपण घोकलं. ज्या वऱ्हाडात बसून हे ठरलं, त्या वऱ्हाडाचा वाद तोवर जवळपास ऐंशी वर्षांचा होता, हे मात्र त्या ओळीत मावत नाही.

१७२४ साली आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामाने मुघल सुभेदार मुबारिजखानाला मारलं आणि दख्खनवर आपला जम बसवला. चौथाई-सरदेशमुखीचा हक्क सांगत मराठे आधीपासून होतेच. रघूजी भोसल्यांनी नागपुरात बस्तान बसवल्यावर वऱ्हाडात दुअमली रुजली. परगणा एक, अंमलदार दोन. मुलूख कागदावर निजामाचा, पण वसुलातला साठ टक्क्यांपर्यंतचा वाटा भोसल्यांचा. पीक बुडालं तरी पाटलाच्या दारात दोन्हीकडची माणसं उभी राहायची.

या वादात मराठ्यांचं एकच धोरण होतं का? शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले आणि वर पेशवे असा तो संघ, पण निजामाशी कसं वागायचं हे ज्याचा तो ठरवी. १७६३ साली निजामाने पुणं जाळलं तेव्हा जानोजी भोसले त्याच्याच गोटात होते. मग त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईआधी ते पेशव्यांकडे वळले. पुढे थोरल्या माधवरावांनी उलट निजामाला हाताशी धरून भोसल्यांवर चाल केली. १७६९च्या कनकापूरच्या तहात तर माधवरावांनी जानोजींकडून लिहून घेतलं की दिल्ली, हैदराबाद, अयोध्या, इंग्रज यांच्याशी परस्पर राजकारण करायचं नाही. मला हे कलम फार बोलकं वाटतं. घरातल्या माणसाकडून असा कागद लिहून घ्यावा लागतो, तेव्हा घर कसं चाललंय ते वेगळं सांगायला नको.

एकदाच सगळे जमले, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याला. निजाम नमला, आणि भोसल्यांची वऱ्हाडातली थकबाकीही तहात आली. नाना फडणवीसांनी बांधलेली ही मोट सवाई माधवराव त्याच वर्षी गेल्यावर सुटली. सात वर्षांत यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा उधळल्या, आणि १८०२च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांचं छत्र पत्करलं. त्याविरुद्ध शिंदे-भोसले उभे राहिले, होळकर बाजूला बसले. गायकवाड आधीच कंपनीच्या बाजूला गेले होते.

२३ सप्टेंबर १८०३ला असईत कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्यानंतर शिंद्यांच्या वकिलांनी २३ नोव्हेंबरला वेलस्लीशी तहकुबी केली. ती फक्त शिंद्यांपुरती. भोसले तिच्यात नव्हते. शिंद्यांची फौज अचलपूरच्या पूर्वेला दूर हलायची होती, ती हलली नाही. २९ नोव्हेंबरला अकोटजवळच्या अडगावला भोसल्यांची फौज उभी राहिली तेव्हा शिंद्यांचे घोडेस्वारही शेजारी होते. अट मोडली म्हणत वेलस्ली तुटून पडला. अर्धी लढाई आणि अर्धी तहकुबी, यातलं काहीच धड पदरात पडलं नाही. १५ डिसेंबरला भोसल्यांचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता गेला.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगावला भोसल्यांनी वेगळा तह केला. कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. नरनाळा, गाविलगड आणि चार लाखांचा मुलूख तेवढा राहिला. आणखी तेरा दिवसांनी सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा तह झाला. दुआब, भडोच, नगर आणि अजिंठ्याच्या दक्षिणेचा बराच मुलूख गेला, बादशहावरचा दावाही सोडावा लागला. या वाटाघाटींत शिंद्यांकडून विठ्ठलपंत बसत. वयाने थकलेले, पण चेहरा असा की काहीही ऐकलं तरी रेष हलायची नाही. पत्त्यांच्या एका जुगारी खेळावरून इंग्रजांनी त्यांना टोपणनावही दिलं. पुढे ड्यूक झालेल्या वेलस्लीने फ्रान्सचा मुत्सद्दी तालिराँ विठ्ठलपंतांच्या वळणाचा, पण तेवढा हुशार नाही, असं म्हटल्याचं इंग्रज अधिकारी माल्कमच्या चरित्रात आहे. असा माणूस पदरी होता, पण शेजारच्या खुर्चीवर नागपूरचा वकील नव्हता.

वेलस्लीची खरी कमाई ही वेगवेगळी टेबलं होती. आजही दक्षिण चीन समुद्रावरून आग्नेय आशियातल्या 'आसियान' संघाचे देश चीनपुढे असेच विखुरतात. २०१२ साली नोम पेन्हला त्यांच्या परराष्ट्रमंत्र्यांना साधं संयुक्त निवेदन काढता आलं नाही.

देवगावला मिळालेलं वऱ्हाड मात्र कंपनीने स्वतःकडे ठेवलं नाही, निजामाला दिलं. दुअमली संपली. पण १८५३ साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी तोच मुलूख इंग्रजांनी निजामाकडून ताब्यात घेतला, आणि १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. निजाम उस्मानअली खानांनी वऱ्हाड परत मागितलं तेव्हा १९२६ साली व्हाइसरॉय रीडिंगने खरमरीत नकार कळवला. १९३६च्या करारात वऱ्हाडावर निजामाची मालकी मान्य झाली, त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, आणि कारभार नागपूरहूनच चालत राहिला.