नळ फुटतो कुठे आणि टिकतो कशाने?

मित्रमैत्रिणींनो, आणि भित्तिपत्रकापाशी थांबून वाचणाऱ्या आई-वडिलांनो, शाळेच्या परसबागेत नवा नळ बसला आहे. मेथीच्या वाफ्याशेजारी सिमेंटचा एक बुटका खांब दिसेल, त्याला बिलगून वर आलेला लोखंडी पाइप आणि पितळी तोटी. हा नळ माझ्या मामांनी बसवला. मामा फौजेत आहेत. दोन हिवाळे ते लेहला होते आणि तिथे पाण्याच्या पाइपांचेच काम त्यांच्याकडे होते. सुट्टीवर आले, त्यांनी आमची परसबाग पाहिली आणि म्हणाले, "या नळाला नळ कोण म्हणतं?" चार दिवस मी त्यांच्या हाताखाली होते. पाना दे, माती ओढ, टेप धर. त्यात जे कळलं ते इथे लिहिते आहे.

आधीचा नळ कसा होता, आठवतो ना? जमिनीतून प्लास्टिकचा पाइप सरळ वर आलेला आणि त्याच्या टोकाला तोटी. आधार कशाचाच नाही. म्हशीने अंग घासले की हालायचा. पोरं तोटीवर पाय ठेवून भिंतीवर चढायची, तेव्हा तर नळ नमस्कार घालायचा! दोन वर्षांत तो तीनदा मोडला. एकदा रात्री मोडला आणि सकाळपर्यंत अख्खी टाकी जमिनीत गेली. त्या दिवशी खिचडी शिजवायला पाणी शेजारच्या मळ्यातून कळश्यांनी आणावे लागले, आणि भाजीला तर दोन दिवस पाणी नव्हतेच. टाकी एक दिवसाआड भरते, हे सगळ्यांना माहीत आहे.

मामांनी मोडका पाइप हातात घेऊन मला विचारले, "हा कुठे मोडलाय बघ." मी पाहिले. तोटीपाशी नाही, तर जिथे पाइप जमिनीतून बाहेर येतो तिथेच तो मोडला होता. तोटीला कुणी रेटा दिला की सगळा ताण बुडाशी जातो, जसे ऊस वाकवला की बुडाशी कटकन मोडतो. शिवाय प्लास्टिकच्या पाइपाला ऊन सोसत नाही. वर्ष-दोन वर्षे उन्हात राहिला की तो पांढुरका पडतो आणि पापडासारखा ठिसूळ होतो. म्हणून जमिनीखाली प्लास्टिक चालते, पण जमिनीवर जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइपच पाहिजे.

काम चालू असताना आमच्या वर्गातल्या एकाचे वडील येऊन उभे राहिले. त्यांची द्राक्षबाग आहे. ते म्हणाले, "फौजी, आमच्या निफाडकडं हिवाळ्यात दव गोठतं. हा लोखंडी नळ गारठ्यानं फुटायचा तर नाही?" मला वाटले मामा हसतील. पण ते हसले नाहीत. म्हणाले, "सवाल बरोबर आहे भाऊ. लेहला असता तर पहिल्याच रात्री फुटला असता."

आता नळ गारठ्याने का फुटतो ते पाहू. बहुतेक वस्तू थंड झाल्या की आकसतात. पाणीही आकसते, पण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. त्याखाली ते उलटे फुगू लागते, आणि गोठताना तर एकदम फुगते. ११ तांबे पाणी घेतले तर त्याचा बर्फ साधारण १२ तांबे होतो. हा बारावा तांब्या जाणार कुठे? ज्याच्या घरी फ्रीज असेल त्याने प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरून, बूच लावून बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवून पाहावी. बाटलीचे पोट सुटते. (काचेची बाटली मात्र ठेवू नका, ती तडकते.)

मला वाटत होते, बर्फ जिथे होतो तिथेच पाइप फुटत असेल. मामा म्हणाले, बहुतेक वेळा तसे होत नाही. पाइपात मध्येच बर्फाचा बोळा बसतो. तो वाढत जातो आणि पुढचे पाणी बंद तोटीकडे ढकलतो. तोटी बंद, मागे बर्फ, मधले पाणी कोंडलेले. पाणी काही दाबून लहान होत नाही. मग त्या कोंडलेल्या जागेत जिथे कमजोर असेल तिथे पाइप उकलतो. गंमत अशी की रात्री कुणाला पत्ताच लागत नाही. सकाळी ऊन पडून बर्फ वितळला की मग कारंजे उडते.

मग आपल्याकडे असे का होत नाही? निफाडला काही हिवाळ्यांत पारा दोन-चार अंशांपर्यंत उतरतो. महाबळेश्वरलाही वेण्णा तलावाच्या काठी गवतावर दव गोठते, त्याची बातमी येते. पारा शून्याच्या वर असून दव कसे गोठते, हे मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, हवामान खात्याचे तापमापक जमिनीपासून साधारण छातीइतक्या उंचीवर, पेटीत असते. ज्या रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, त्या रात्री गवत आणि पाने आपली उष्णता आभाळाकडे सोडतात आणि वरच्या हवेपेक्षाही जास्त गार होतात. म्हणून पारा दोन-तीन अंश दाखवतो आणि पानावर बर्फाची साय असते. पान पातळ, ते चटकन गार होते. पण पाइपातले पाणी पुष्कळ, ते गोठायला कडक थंडी तासन् तास लागते, आणि तोवर आपल्याकडे सूर्य उगवतो. जमिनीच्या आत तर ऊबच असते. थंडीत पहाटे विहिरीवर गेलात तर पाण्यावर वाफ दिसते ना? द्राक्षबागेत रात्री विहिरीचे पाणी सोडतात तेही याचसाठी. तेव्हा आपल्या गारठ्याची भीती द्राक्षाच्या पानाला आहे, नळाला नाही.

लेहची गोष्ट वेगळी. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंचीवर. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत जातो. जवळची झांस्कर नदी इतकी गोठते की लोक तिच्या बर्फावरून चालत जातात. नुसते पाणी नाही, जमीनही वरून खाली गोठत जाते. तिथे पाइप माणसाच्या कमरेपेक्षा खोल पुरावा लागतो, गोठणाऱ्या थराच्या खाली. पण नळ तर वरच हवा, नाही का? पाणी प्यायला कोणी खड्ड्यात उतरणार नाही. यावर थंड मुलखातल्या लोकांनी जी युक्ती काढली, ती मला फार आवडली.

तो नळ वरून आपल्यासारखाच दिसतो. पण पाणी अडवणारा वायसर तोटीत नसतोच. तो खाली, न गोठणाऱ्या जमिनीत असतो. वरच्या दांड्यापासून पाइपातून एक लांब सळई खाली जाते. दांडा उचलला की सळई वर येते, वायसर उघडतो, पाणी चढते. दांडा खाली केला की वायसर बंद होतो आणि त्याच वेळी त्याच्या बाजूचे एक बारीक भोक उघडते. वर पाइपात उभे राहिलेले पाणी त्या भोकातून खालच्या खडीत झिरपून जाते. झाले! जमिनीवरचा पाइप रिकामा. रिकाम्या पाइपात गोठणार काय? घराच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या नळाचेही तसेच. तोटी बाहेर, पण वायसर भिंतीच्या आत उबेत, आणि पाइपाला बाहेरच्या अंगाला थोडा उतार.

अशा नळाचे नियम मात्र कडक आहेत. एक तर पूर्ण उघडायचा, नाहीतर पूर्ण बंद करायचा. अर्धवट ठेवला तर खालच्या भोकातून पाणी वाहतच राहते आणि वर कुणाला दिसत नाही. आणि रात्री तोटीला रबरी नळी लावून ठेवायची नाही. नळीतले पाणी तोंड धरून बसते, पाइप रिकामा होत नाही, आणि एवढा महागडा नळही फुटतो. मामा म्हणाले, तिकडे बहुतेक नळ अशा विसरलेल्या नळीपायीच गेलेले त्यांनी पाहिले.

आपल्या शाळेला असला नळ लागत नाही. पण मामांनी त्यातली अर्धी युक्ती इथे वापरली आहे. खांबापाशी विटांची एक छोटी पेटी आहे, वर फरशीचे झाकण. आत एक गेट व्हॉल्व्ह आहे आणि त्याच्या पुढे खाली तोंड असलेली एक बारकी तोटी. गेट व्हॉल्व्ह बंद करून बारकी तोटी उघडली आणि वरची तोटीही उघडली की सगळे उभे पाणी पेटीतल्या खडीत उतरते. (वरची तोटी उघडल्याशिवाय पाणी उतरत नाही, कारण आत हवा शिरायला वाट लागते. पाण्याच्या ड्रमला दुसरे भोक पाडतात तसेच.) मे महिन्याच्या सुट्टीत पाइप रिकामा राहील. नाहीतर जूनमध्ये पहिले पाणी गंजाचे, चहासारखे येते. आणि वायसर बदलायचा झाला तर टाकी रिकामी करावी लागणार नाही.

आता बसवण्याचे काम. टाकीपासून वाफ्यापर्यंत दोन फूट खोल चर खणला. त्यापेक्षा वर असला तर कुदळ लागते, ट्रॅक्टरचे चाक गेले तर दबतो. चरात आधी वाळू, मग पाइप, मग परत वाळू. दगड पाइपाला टोचता कामा नये. वाळूवर मामांनी विटांची एक ओळ रचली आणि मग माती लोटली. उद्या कुणी खणले तर आधी वीट लागेल, म्हणजे खाली काहीतरी आहे हे कळेल.

खांब दोन फुटांचा. खाली पाया खणून काँक्रीट भरले. पाइप सिमेंटमध्ये गाडून टाकला नाही, खांबाच्या खाचेत बसवून लोखंडी पट्ट्यांनी दोन जागी आवळला. म्हणजे आता कुणी तोटीवर चढले तरी रेटा खांब घेतो, पाइप नाही. आणि कधी पाइप बदलायचा झाला तर खांब फोडायला नको.

सगळ्यात नाजूक काम आट्यांचे. पूर्वी आट्यांवर सुताडा गुंडाळून सफेदा लावीत. आता पांढरी टेप मिळते. आट्याचे तोंड आपल्याकडे धरायचे आणि टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, ताणून, सहा-सात वेढे. उलटी गुंडाळली तर तोटी फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते. मग तोटी आधी हाताने बसवायची आणि पान्याने आवळायची. पाने दोन हवेत. एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने तोटी फिरवायची, नाहीतर खालचे सगळे जोड ढिले होतात. तोटीचे तोंड बरोबर खाली आले की थांबायचे. जरा पुढे गेले म्हणून तोटी मागे फिरवली की जोड गळलाच समजा. पूर्ण काढायची, नवी टेप गुंडाळायची, परत बसवायची. मामांनी एकदा मला हे तीन वेळा करायला लावले.

पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण मामांनी ती दोनदा सांगितली. द्राक्षबागेची फवारणी करताना औषधाचा ड्रम नळाला नळी लावून भरतात, आणि नळीचे टोक ड्रमच्या आत बुडालेले असते. त्याच वेळी टाकीतले पाणी संपले किंवा पुढे कुठे पाइप फुटला तर पाणी उलटे ओढले जाते. आपण तोंडाने नळी ओढून डिझेल काढतो ना, तसेच. मग ड्रममधले औषध नळीतून पाइपात, आणि पाइपातून कुणाच्या तरी घागरीत. म्हणून नळीचे टोक ड्रमच्या काठापेक्षा वर, वीतभर अंतर सोडून धरायचे. किंवा आधी नुसते पाणी भरायचे, नळी बाजूला काढायची आणि मग औषध ओतायचे. आपल्या शाळेच्या नळावर फवारणीचा ड्रम कुणीही भरू नये. हे पाणी आपण पितो.

राहिली गळती. तोटी बंद करूनही टिपकत असेल तर जोर लावून पिळू नका. आत वायसर झिजलेला असतो, नाहीतर वाळूचा कण अडकलेला असतो. जोराने पिळले की वायसर आणखी चिरतो. दर सेकंदाला एक थेंब पडतो असे धरा. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर. गणित करून पाहा. दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर, आणि महिन्याला सुमारे १३० लिटर. नवा वायसर दोन-पाच रुपयांना येतो.

नळाखालचे सांडपाणी एका शोषखड्ड्यात जाते. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, मग खडी. त्याच्या कडेला आम्ही अळू आणि एक केळ लावली आहे. गेट व्हॉल्व्हच्या पेटीचे झाकण जड आहे, पहिली-दुसरीच्या मुलांनी उचलू नये. मोठा पाना आणि चार वायसर ऑफिसातल्या खडूच्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवले आहेत. पाण्याची पाळी ज्या वर्गाची असेल त्याने संध्याकाळी नळी गुंडाळून खांबाच्या खिळ्यावर टांगायची. या आठवड्याची पाळी सहावीची आहे.

— इयत्ता ७ वी