गुरांमागे निघालेला बगळा

बगळ्यांच्या कुळातला गायबगळा पाण्यावर सर्वात कमी विसंबणारा. राखी बगळा, मोठा बगळा किंवा वंचक उथळ पाण्यात निश्चल उभे राहून मासा टप्प्यात येण्याची वाट पाहतात. गायबगळा मात्र माळावर, शेतात, म्हशीच्या पायाशी चालताना दिसतो. त्याची मान आखूड आणि चोच पिवळी असते. एरवी पांढराशुभ्र असलेल्या या पक्ष्याचे डोके, छाती आणि पाठ विणीच्या दिवसांत केशरी होते.

चरणाऱ्या जनावराचे पाऊल गवतात पडले की आत दडलेला नाकतोडा उडतो. गायबगळा नेमका जनावराच्या तोंडाजवळ किंवा पुढच्या पायाजवळ असतो. मान हलकेच झुलवत तो अंदाज घेतो आणि एका झडपेत किडा उचलतो. जनावर वळले की दोन पावले मागे सरून पुन्हा जागा धरतो. तो गोचिडांवरच जगतो हा समज खरा नाही. गोचीड तो खातो, पण पोट भरते ते नाकतोडे, टोळ, कोळी आणि बेडकांवर. एकट्याने हिंडण्यापेक्षा गुरांमागे कमी चालून जास्त भक्ष्य मिळते. आफ्रिकेत तो हत्ती आणि रानम्हशींमागे चालतो, आपल्याकडे नांगराच्या तासामागे आणि आता ट्रॅक्टरमागेही.

मुळात हा पक्षी आफ्रिका, दक्षिण युरोप आणि आशियाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, सुरिनाम-गयाना भागात दिसला. मधला अटलांटिक सर्वात अरुंद जागीही सुमारे 2,800 किलोमीटर रुंद आहे. आफ्रिकेकडून पश्चिमेला वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांनी काही पक्ष्यांना वाहून नेले असावे. पण असे भरकटलेले पक्षी टिकतातच असे नाही. हे टिकले, कारण समोर जंगल तोडून केलेली कुरणे आणि त्यांत चरणारी गुरे होती. माणसाने नकळत त्यांची पंगत आधीच मांडून ठेवली होती. 1941 च्या सुमारास हा बगळा फ्लोरिडात पोहोचला, 1953 मध्ये तिथे त्याची वीण नोंदली गेली आणि 1962 मध्ये कॅनडातही. ऑस्ट्रेलियातही तो 1940च्या दशकात आपला आपण पोहोचला.

हवाई बेटांची गोष्ट वेगळी. गुरांना छळणाऱ्या माश्यांवर उपाय म्हणून 1959 मध्ये तिथे तो मुद्दाम आणून सोडला गेला. पुढे तो तिथल्या दुर्मीळ पाणपक्ष्यांची पिल्लेही खाऊ लागला. स्वतः उडत आलेला पाहुणा आणि माणसाने आणून सोडलेला पाहुणा यांतला हा फरक विसरता येत नाही. युरोपात तो दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत राहिला आणि 2008 मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये त्याने घरटे केले.

घरट्यासाठी मात्र त्याला इतर बगळ्यांची संगत लागते. झाडांवरच्या सारंगागारात, म्हणजे बगळ्यांच्या सामूहिक वसाहतीत, रातबगळे आणि पाणकावळ्यांच्या शेजारी काटक्यांची विरळ घरटी असतात. फिकट निळसर अंडी नर-मादी आळीपाळीने सुमारे 24 दिवस उबवतात. विणीच्या याच दिवसांत पूर्वेकडच्या गायबगळ्याचा केशरी रंग गाल आणि गळ्यापर्यंत पसरतो. त्यामुळे भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या या पक्ष्याला आता अनेक पक्षिशास्त्रज्ञ स्वतंत्र जाती मानतात.