शिरच्छेदानंतरची शुद्ध
शिवनेरीवरील कोळी चौथऱ्यापाशी, मोगल अंमलाविरुद्ध सतराव्या शतकात उठलेल्या महादेव कोळ्यांची मस्तके जेथे उडविली गेल्याचे जुन्नर परगण्यात परंपरेने सांगतात, तेथे उभे राहिले असता तुटलेले मस्तक काही काळ पाहते-ऐकते काय, ही शंका येते. आणि ती निव्वळ कुतूहलाची नसून त्या माणसांच्या वेदनेची आहे.

पापणी लवली म्हणजे शुद्ध शाबूत होती, हा समज मात्र बरोबर नाही. संज्ञा (स्वतःची व भोवतालाची जाण) मेंदूला रक्तातून क्षणोक्षणी मिळणाऱ्या प्राणवायूवर अवलंबून असते. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन प्रयोगांत तरुणांच्या मानेभोवतीचा पट्टा फुगवून मेंदूचा रक्तप्रवाह रोखला, तेव्हा सरासरी सहा-सात सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. शिरच्छेदात रक्तदाबच कोसळत असल्याने हा अवधी बहुधा याहूनही अल्प, परंतु शून्य मात्र म्हणता येत नाही. त्यानंतरची थरथर ही प्रतिक्षिप्त क्रिया (इच्छेवाचून होणारी हालचाल) होय. कुंभाराने दांडा काढून घेतला तरी चाक काही वेळ फिरतेच, तशी. १९०५ साली फ्रान्समध्ये डॉक्टर बोरियो यांनी लांगीय नामक कैद्याच्या छिन्न मस्तकाने हाकेसरशी डोळे उघडल्याचे नमूद केले खरे, तथापि एका निरीक्षकाच्या एकाच नोंदीवरून सिद्धांत उभारणे शास्त्राला मान्य नाही.