भूखंडाचा धनी आणि दलालीचा परवाना

कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावी जमिनीचा व्यवहार आजवर ओळखीच्या मध्यस्थाचा शब्द, इसारपावती आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविलेले खरेदीखत यांच्या आधारे होत आला आहे. परंतु छत्रपती संभाजीनगरभोवती नव्या वसाहती पसरू लागल्यापासून गाठीशी चार पैसे असलेला शेतकरी, शिक्षक वा व्यापारी भूखंडांत रक्कम गुंतवू लागला, आणि दर व्यवहारास दलाली मोजण्याऐवजी आपणच परवाना का घेऊ नये, असा विचार त्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे उत्तर 2016च्या स्थावर संपदा अधिनियमात, म्हणजे लोकभाषेतील रेरा कायद्यात, सापडते. स्वतःची मिळकत विकणाऱ्यास परवान्याची आवश्यकता नाही. मात्र नोंदणीकृत प्रकल्पातील भूखंड वा सदनिकेच्या व्यवहारात मोबदला घेऊन दुसऱ्याच्या वतीने मध्यस्थी करणाऱ्यास राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, म्हणजे महारेराकडे, नोंदणी करावीच लागते. ही नोंदणी 5 वर्षांची असून 2023 पासून तिच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही अनिवार्य झाली आहे. नोंदणीवाचून धंदा करणाऱ्यास प्रतिदिन 10,000 रुपये, आणि सर्व मिळून मिळकतीच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. निव्वळ शेतजमिनीचा सौदा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. उलट, नियोजन क्षेत्रातील 500 चौरस मीटरांहून अधिक जमिनीचे भूखंड पाडून जो विकू पाहतो, तो दलाल नव्हे तर प्रवर्तक ठरतो, आणि दलालीचा परवाना त्याच्या काडीमात्र उपयोगी पडत नाही.

अमेरिकेत अनेक गुंतवणूकदार दलाली वाचविण्यासाठी आणि दलालांच्या सामायिक सूचीत प्रवेश मिळविण्यासाठी परवाना घेतात. आपल्याकडे तशी सर्वमान्य सूची नसल्याने लाभ थोडा, आणि उत्तरदायित्व मात्र मोठे. कारण 1872च्या करार अधिनियमानुसार मालकाच्या संमतीवाचून आणि महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून मध्यस्थाने त्याची मिळकत स्वतःच घेतली, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कवडीमोलाने जमीन घेऊ पाहणारा गुंतवणूकदार आणि विकणाऱ्याचे हित जपण्यास बांधलेला दलाल, या दोन भूमिका एका देहात सहसा नांदत नाहीत.

म्हणून ज्यास मध्यस्थी हाच व्यवसाय करावयाचा आहे, त्याने नोंदणी अवश्य करावी. परंतु ज्यास वर्षा-दोन वर्षांत एखादा भूखंड घ्यावयाचा आहे, त्याने परवान्यासाठी लागणारा वेळ सातबारा, फेरफार, भोगवटादाराचा वर्ग, कुळाचे हक्क आणि अकृषिक परवानगी यांच्या तपासणीस द्यावा, कारण सदोष दस्तामुळे होणारी हानी वाचविलेल्या दलालीने कधीच भरून निघत नाही.